ग्वाल्हेरची प्रयोगशाळा की बंगळूरची टाकी?

काका, सप्रेम नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यातली. गोवा विद्यापीठातून मरीन बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी केलं. सध्या माझ्या हातात दोन पत्रं आहेत. एक ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या फेलोशिपचं. प्रकल्प आहे रोगजंतू लवकर ओळखणारी किट तयार करण्याचा. दुसरं पत्र बंगळूरजवळच्या एका कंपनीचं. तिथे जैविक औषधं बनतात आणि माझं काम फर्मेंटरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या मोठ्या टाकीवर, तीन पाळ्यांत. पगार फेलोशिपपेक्षा थोडा कमीच. मला लहानपणापासून देशासाठी काहीतरी करायचं आहे, म्हणून मन ग्वाल्हेरकडे धावतं. टाकीवर पाळ्या करायला एमएस्सी कशाला, असं वाटतं. बाबा म्हणतात बंगळूर, कारण तिथे आत्या राहते. आईला रात्रपाळीची धास्ती. आजोबा दोन्हींच्या विरोधात आहेत. आमची काजूची बाग आहे. माकडतापाच्या साथीत शेजारच्या वाड्यावरचा त्यांचा मित्र गेला. तेव्हापासून जंतूंशी संबंध असलेलं कुठलंही काम त्यांना नको. "लढाईसाठी जंतू करणार तू?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. संरक्षणात बायोटेक्नॉलॉजीचं काम म्हणजे नेमकं काय असतं? आणि मी कुठे जाऊ?

एक वाचक, सत्तरी

---

बाय,

माझं मत आधी सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. बंगळूरला जा. निदान दोन वर्षं टाकीवर काढ. ग्वाल्हेरचं दार उघडं ठेवायचा प्रयत्न कर, तो कसा ते शेवटी सांगतो. मी स्वतः एकोणतीस वर्षं फर्मेंटेशनमध्ये घालवली, तेव्हा माझा ओढा टाकीकडे असणारच. तेवढं धरून वाच.

पण त्याआधी आजोबा. त्यांचा प्रश्न तुझ्या प्रश्नापेक्षा मोठा आहे. "तसं काही नसतं हो" म्हणून तो उडवून लावू नकोस, कारण तसं असतं. युद्धात जंतू वापरायला १९२५ च्या जिनिव्हा करारात बंदी घालावी लागली. १९७२ मध्ये त्याहून कडक करार सह्यांसाठी खुला झाला आणि २६ मार्च १९७५ पासून अमलात आला. अशी शस्त्रं बनवायची नाहीत, साठवायची नाहीत, असतील ती नष्ट करायची, असं त्यात ठरलं. भारताने १९७४ मध्येच त्याला मान्यता दिली होती. सोव्हिएत संघानेही सही केली होती, आणि सही करूनही त्याने अशी शस्त्रं बनवण्याचं प्रचंड काम गुपचूप चालू ठेवलं. एप्रिल १९७९ मध्ये स्वेर्दलोव्स्क शहरातल्या लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे बीजाणू हवेत सुटले. वारा ज्या दिशेला वाहत होता त्या दिशेची निदान ६६ माणसं मेली. लोकांनी खराब मांस खाल्लं, असं सरकार कित्येक वर्षं सांगत राहिलं. २००१ मध्ये अमेरिकेत टपालाच्या पाकिटांतून अँथ्रॅक्स पाठवलं गेलं आणि पाच जण दगावले. हे काम लष्कराच्याच प्रयोगशाळेतल्या एका शास्त्रज्ञाचं, असा तपास यंत्रणेचा निष्कर्ष होता. १९७२ च्या त्या करारात देशोदेशी जाऊन तपासणी करायची सोय आजही नाही. तेव्हा आजोबांची भीती खरी आहे, हे त्यांना आधी तुझ्या तोंडून ऐकू दे.

मग दुसरी बाजू दाखव. ती दाखवायला तुमच्या बागेपासूनच सुरुवात करता येईल.

माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला. आधी माकडं मरून पडू लागली, मग माणसं तापली. गोचीड चावून तो पसरतो. सह्याद्रीच्या कडेकडेने सरकत तो २०१५ च्या सुमारास सत्तरीत पोचला, २०१६ मध्ये पलीकडे दोडामार्गात. काजूचा हंगाम आणि या गोचिडांचा हंगाम एकच, हे तुमच्या घराला मी काय सांगणार! आता आजोबांना हे सांग. तुला जिथून पत्र आलं, त्याच ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेने अंगाला लावायचं एक औषध शोधलं. त्याचं नाव डेपा. जवानांना डास आणि गोचीड चावू नयेत म्हणून ते केलं होतं. आज कर्नाटकातलं आरोग्य खातं माकडतापाच्या गावांत लोकांना हेच डेपा तेल वाटतं. बागेत पाला गोळा करणाऱ्या बाईच्या पोटरीला ते लागतं. संरक्षण प्रयोगशाळेत जंतूंवर आणि किड्यांवर काम चालतं ते बहुतेक असं.

आणखी एक उदाहरण आईला सांग. मडगावहून गाडीत बसलीस की डब्याखाली शौचालयाची जी टाकी असते, ती संरक्षण खात्याचीच देणगी. सियाचिनसारख्या ठिकाणी मैला वर्षानुवर्षं तसाच राहतो, कारण कुजवणारे जंतू त्या थंडीत काम करत नाहीत. डीआरडीओच्या ग्वाल्हेर आणि तेजपूरच्या प्रयोगशाळांनी थंडीतही तग धरणाऱ्या जंतूंचं मिश्रण वाढवलं, त्यासाठी टाकी बनवली आणि पुढे तेच तंत्र रेल्वेने उचललं. म्हैसूरची प्रयोगशाळा जवानांच्या शिध्यावर काम करते, लेहची बर्फाळ वाळवंटात भाजी पिकवते. यात दिमाख नाही. ओळखणं, अडवणं, बरं करणं, टिकवणं आणि घाण निस्तरणं, एवढंच आहे. तुझा किटचा प्रकल्प यातल्या "ओळखणं" या खात्यात येतो. अचानक ताप पसरला तर तो निसर्गाचा आहे की कुणी सोडलेला, हे कळायच्या आधी तो कसला आहे हे कळावं लागतं. नमुना दूरच्या प्रयोगशाळेत जाऊन अहवाल येईपर्यंत ताप कुणासाठी थांबत नाही.

तरीही एक गोष्ट आजोबांपासून लपवू नकोस. रोगजंतू ओळखायला शिकणारा माणूस तो वाढवायलाही शिकतो. ज्ञान तेच असतं. म्हणून उद्या कुठल्याही प्रयोगशाळेत गेलीस तरी, हे काम कशासाठी आहे असं विचारायची मुभा आहे का आणि विचारल्यावर सरळ उत्तर मिळतं का, हे पाहा. सगळंच छापता येणार नाही, संरक्षणाच्या कामात ते समजण्यासारखं आहे. पण वरिष्ठाला प्रश्न विचारायची चोरी असेल, तर तिथून उठून ये. पोटापाण्यासाठी दुसरी दारं आहेत.

आता तुझा स्वतःचा प्रश्न. "टाकीवर पाळ्या करायला एमएस्सी कशाला" हे वाक्य मला लागलं. राग आला नाही, पण काळजी वाटली, कारण तुझ्यासारखी हुशार मुलं नेमकी याच समजुतीने टाकीपासून दूर जातात आणि देशाचं दुखणं नेमकं तिथेच आहे.

ऑक्सफर्डला फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसावर पेनिसिलिनचा उपचार सुरू झाला. चेहऱ्यावरच्या जखमेतून सुरू झालेला संसर्ग अंगभर पसरला होता. औषध दिलं आणि थोड्याच दिवसांत ताप उतरला, माणूस जेवू लागला. मग औषध संपलं. त्याच्या लघवीतून बाहेर पडलेलं पेनिसिलिन गाळून पुन्हा त्यालाच दिलं, तेही संपलं, आणि मार्चमध्ये तो गेला. फ्लेमिंगला पेनिसिलिन देणारी बुरशी दिसून बारा वर्षं उलटली होती. औषध काम करतं हे डोळ्यांसमोर सिद्ध झालं होतं. नव्हती ती टाकी. ऑक्सफर्डची मंडळी बुरशी वाढवत होती ती रुग्णांच्या बेडपॅनसारख्या उथळ भांड्यांत.

त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या मंडळींपैकी फ्लोरी आणि हीटली अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी शेती-प्रयोगशाळेत गेले. मक्याचा स्टार्च काढल्यावर उरणारं चिकट पाणी बुरशीला खायला घातल्यावर उत्पादन वाढलं. १९४३ मध्ये तिथल्याच बाजारातल्या एका बुरसटलेल्या खरबुजावर जास्त पेनिसिलिन देणारी बुरशी मिळाली. आणि मार्च १९४४ मध्ये ब्रुकलिनमधल्या बर्फाच्या एका जुन्या कारखान्यात खोल टाक्या सुरू झाल्या, खालून हवा सोडायची आणि आत पंखा फिरवायचा अशा. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं तेव्हा जखमींसाठी पेनिसिलिन बरोबर होतं. रणगाड्यांच्या कथा सगळ्यांना पाठ असतात. मक्याच्या पाण्याची कथा कुणी सांगत नाही.

त्याही आधी, पहिल्या महायुद्धात, ब्रिटनकडे कॉर्डाइट नावाची तोफांची दारू बनवायला पुरेसं अॅसिटोन नव्हतं. ते लाकडापासून काढलं जाई आणि बरंचसं बाहेरून येई. मँचेस्टरच्या खाईम वाइझमन या रसायनशास्त्रज्ञाने धान्य आंबवून अॅसिटोन देणारा जीवाणू वेगळा केला होता. सरकारने ती पद्धत मोठ्या टाक्यांवर नेली. १९१७ मध्ये पाणबुड्यांनी धान्याची जहाजं अडवली, तेव्हा त्या टाक्यांसाठी शाळेतल्या पोरांना रानातली हॉर्स चेस्टनटची फळं वेचायला लावलं. ही कथा आजोबांना आवडणार नाही, आणि आवडू नयेच. पण जैवउत्पादन म्हणजे काय ते तिच्यात लख्ख दिसतं. जंतू शस्त्र नव्हता, कामगार होता.

आपल्याकडे पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत होती. आपलं पेनिसिलिन आपण करायचं, हा त्यामागचा निर्धार होता. पुढे चीनहून स्वस्त पेनिसिलिन-जी येऊ लागलं आणि देशातल्या फर्मेंटेशनच्या टाक्या एकेक करून थंड पडल्या. विकत मिळतंय तर बनवायचं कशाला, असा हिशेब होता आणि कागदावर तो बरोबरच होता. आज आपण औषधांचा जो कच्चा माल आयात करतो, त्यातला सुमारे दोन-तृतीयांश चीनमधून येतो. गलवानच्या चकमकीच्या वर्षी, २०२० मध्ये, हा आकडा पाहून अनेकांचे डोळे उघडले. सरकारने त्याच वर्षी कच्च्या औषधांसाठी ६,९४० कोटींची प्रोत्साहन योजना आणली. तीत रासायनिक पद्धतीने बनणाऱ्या मालाला सुरुवातीची वर्षं १० टक्के प्रोत्साहन आणि आंबवून बनणाऱ्या मालाला २० टक्के. दुप्पट का, तर टाकी उभी करणं महाग आणि ती नीट चालवणं त्याहून अवघड. २०२४ मध्ये काकीनाड्याजवळ पेनिसिलिन-जीचा नवा कारखाना सुरू झाला. हातचं सोडलेलं परत मिळवायला एवढी वर्षं गेली.

२०२१ चा एप्रिल आठव. कोविडची दुसरी लाट चालू होती, लशी हव्या होत्या, लस बनवायची रीत आपल्याकडे होती, कारखाने होते, माणसं होती. अडलं कुठे? टाकीत बसवायच्या प्लॅस्टिकच्या निर्जंतुक पिशव्यांवर आणि फिल्टरवर. अमेरिकेने आपल्या संरक्षण उत्पादन कायद्याखाली स्वतःच्या लस-उत्पादकांना अग्रक्रम दिला होता, आणि भारतातल्या सर्वांत मोठ्या लस-उत्पादकाला तिकडच्या कच्च्या मालासाठी जाहीर विनंती करावी लागली. मित्रदेश, शत्रू नव्हे. तरी पिशवी अडली. त्या दिवसांत मला रात्री झोप येत नसे, कारण त्या पिशव्या आणि ते फिल्टर मी हातांनी जोडलेले आहेत आणि त्यांच्यावाचून टाकी म्हणजे नुसतं स्टीलचं पिंप, हे मला ठाऊक आहे.

म्हणून सांगतो, संरक्षण फक्त संरक्षण खात्याच्या पाटीखाली होत नाही. अमेरिकन संसदेने नेमलेल्या आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये बायोटेक्नॉलॉजी आणि राष्ट्रीय सुरक्षेवर अहवाल दिला. पाच वर्षांत निदान १५ अब्ज डॉलर घाला, नाहीतर चीन हाताबाहेर पुढे जाईल, असं त्यांनी सांगितलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने बायोई-३ हे धोरण मंजूर केलं, त्याचा सगळा भर जैवउत्पादनावर आहे. पैसा येईल, इमारती होतील. पण दोन लिटरच्या फ्लास्कमध्ये वाढणारा जीव वीस हजार लिटरच्या टाकीत तसाच वाढवणारी माणसं कुठून आणायची?

हे अवघड का आहे ते आजोबांना विचार. काजूचा रस कुठल्या दिवशी भट्टीवर चढवायचा हे जाणती माणसं कशावरून ठरवतात, ते त्यांना नक्की ठाऊक असेल. फेस बसला का, वास कसा येतो, भांड्याशी कान नेला की चुरचुर ऐकू येते का. एक दिवस चुकला तर फेणीचा कस जातो, फार चुकला तर रस आंबून फुकट. फर्मेंटर तेच आहे, फक्त आतला जीव यीस्टपेक्षा कितीतरी नाजूक आणि चूक कितीतरी महाग. पाण्यात प्राणवायू विरघळतोच मुळी लिटरमागे सात-आठ मिलिग्रॅम. दाट वाढलेले जंतू तो काही सेकंदांत संपवतात. फ्लास्क हलवला की भागतं, टाकीत हवा ढोसावी लागते, पंखा जोरात फिरवावा लागतो, आणि फार जोरात फिरवला तर पेशी फाटतात. जंतू वाढताना उष्णता सोडतात. फ्लास्कची ती आपोआप निघून जाते, मोठ्या टाकीची निघत नाही, कारण आतल्या मालाच्या मानाने तिची बाजू लहान पडते. हे सगळं पुस्तकात आहे, तू वाचलंही असशील. वाचणं आणि रात्री अडीच वाजता प्राणवायूची रेघ खाली घसरताना पाहणं यात फरक आहे.

तो फरक मला १९८९ च्या पावसाळ्यात कळला. गुजरातेतल्या एका कारखान्यात मी रात्रपाळीला होतो. एन्झाइमची बॅच चाळिसाव्या तासात होती, मीटर सगळे ठीक. आमच्याकडचा जुना ऑपरेटर, दहावीपर्यंत शिकलेला, टाकीतून बाहेर पडणाऱ्या हवेच्या पाइपाशी गेला आणि म्हणाला, "साहेब, वास बदलला." मी मीटर दाखवले. तो मान हलवत राहिला. तासाभरात आम्लता बिघडली, मग प्राणवायू कोसळला, आणि पहाटेपर्यंत सूक्ष्मदर्शकाखाली आमच्या जंतूच्या जोडीला दुसराच एक पाहुणा दिसला. सगळी बॅच उकळून टाकून द्यावी लागली. कारण शोधायला आठवडा गेला. एका व्हॉल्व्हच्या आतला रबरी पडदा नखाएवढा चिरला होता. बदलायची तारीख उलटून गेली होती, नोंदवहीत मात्र बदलल्याची सही होती. त्या दिवसापासून मी कुठल्याही नोंदवहीवर वस्तू डोळ्यांनी पाहिल्याखेरीज सही केली नाही. आणि त्या ऑपरेटरकडून मी जे शिकलो ते मला कुठल्याच विद्यापीठाने दिलं नसतं.

तुला हवी आहे ती ही शिकवण. उद्या ग्वाल्हेरला उत्तम किट तयार झालं तरी त्यातली प्रथिनं कुणीतरी टाकीतच वाढवणार, गाळणार, शुद्ध करणार आणि दर वेळी तीच गुणवत्ता देणार. माकडतापाचंच बघ. त्याची लस होती. कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर बनवलेली ती लस कर्नाटकात कित्येक वर्षं दिली गेली. पुन्हा पुन्हा टोचावी लागे, परिणाम कमी पडत गेला आणि शेवटी तिचं उत्पादन थांबलं. चार-दोन जिल्ह्यांतल्या, रानात जाणाऱ्या गरीब माणसांच्या रोगावर लस करण्यात बाजाराला गोडी नाही. आयसीएमआरने नव्या लशीचं काम हाती घेतलं आहे, ते व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण ती उत्पादनाला जाईल तेव्हा लहान टाकी, कमी मागणी आणि कडक सुरक्षा या तिन्ही गोष्टी सांभाळू शकणारी माणसं लागतील. सत्तरीची मुलगी त्यात असावी असं मला फार वाटतं.

आता बंगळूरच्या कंपनीला हो म्हणण्याआधी काय विचारायचं ते. नेमकं कुठल्या टप्प्यावर काम आहे? सीड, म्हणजे टाकीत सोडायचं जंतूंचं विरजण, वाढवण्यापासून टाकी उतरवण्यापर्यंत सगळं बघायला मिळणार, की एकाच पाइपावर उभं राहायचं? सहा-आठ महिन्यांनी शुद्धीकरणाच्या विभागात बदली मागता येते का? बिघडलेल्या बॅचच्या चौकशीत नव्या माणसाला बसू देतात का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर डोळे मिटून जा. आणि काम फक्त कागदपत्रांचं किंवा पॅकिंगचं निघालं, तर माझा सल्ला उलटा समज आणि ग्वाल्हेरची बॅग भर.

तिथे गेल्यावर स्वतःला एक सवय लाव. हातात येणारी प्रत्येक वस्तू, म्हणजे जंतूंच्या खाद्याची पूड, पिशवी, फिल्टर, शुद्धीकरणाची रेझिन, कुठून येते ते बघायचं. ती सहा महिने आली नाही तर काय होईल, आपल्या देशात ती कोण करतं, कुणी करत नसेल तर का? कंपनीचं गुपित बाहेर नेऊ नकोस, ते चुकीचंही आहे आणि बेकायदाही. पण हा विचार तुझा आहे, त्यावर कुणाचा हक्क नाही. दोन वर्षांनी तुझ्याकडे अशा पाच-सहा अडलेल्या वस्तूंची यादी असेल. २०१८ पासून संरक्षण खात्याची आयडेक्स नावाची योजना आहे, ती लहान उद्योगांना आणि नवउद्यमींना संरक्षणाच्या अडचणी सोडवायला पैसा देते. बायोटेकसाठी बायरॅक ही तशीच सरकारी संस्था आहे. तिथे घेऊन जायला तुझ्याकडे खरा प्रश्न असेल, पुस्तकातला नव्हे.

मरीन बायोटेक्नॉलॉजी वाया जाईल अशी भीती असेल तर ती सोड. वास्कोला गोवा शिपयार्डात बांधलेली गस्ती जहाजं समुद्रात उतरतात, त्या क्षणापासून त्यांच्या तळावर जीव चढायला लागतात. आधी जंतूंचा पातळ थर, मग शेवाळ, मग कवचाचे बार्नेकल. तळ खरबरीत झाला की जहाज हळू चालतं आणि इंधन जास्त जाळतं. पूर्वी यावर कथिलाचा विषारी रंग लावत, पण त्याने समुद्रातल्या गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले आणि २००८ पासून जगभर त्यावर बंदी आली. आता बिनविषारी उपाय हवा आहे, आणि दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या चिकटणाऱ्या जिवांवर किती वर्षांपासून काम चालू आहे हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. जंतूंचा थर कसा धरतो हे तू शिकलीस, तोच थर फर्मेंटरच्या पाइपातही धरतो. तुझी एमएस्सी पहिल्याच आठवड्यात उपयोगी पडेल.

आईची धास्ती रास्त आहे. पाळीत किती मुली असतात, रात्री ने-आण करायला कंपनीची गाडी घरापर्यंत येते की नाक्यापर्यंत, हे लेखी माग. फोनवरचं आश्वासन घेऊ नकोस. आत्याचं घर कारखान्यापासून किती लांब आहे तेही बघ. बंगळूरच्या वाहतुकीत दोन तास गेले तर तिथे राहण्यात अर्थ नाही, कारखान्याजवळ दोघी-तिघींनी खोली घेतलेली बरी. बाबांना हे आधीच सांग, नाहीतर आत्याच्या घरून वाईटपणा येईल.

ग्वाल्हेरला ईमेल लिही. लांबलचक नको. फेलोशिपबद्दल आभारी आहे, आधी दोन वर्षं उत्पादनाचा अनुभव घ्यायचा आहे, रुजू होण्याची तारीख पुढे नेता येईल का, नसल्यास पुढच्या जाहिरातीला पुन्हा अर्ज करीन. प्रकल्पाची फेलोशिप सहसा कुणासाठी थांबत नाही, तेव्हा हे पत्र हातून जाईल अशी तयारी ठेव. नेट उत्तीर्ण असशील तर त्याची मुदत कधी संपते ते आजच बघ, कारण दोन वर्षांचा हिशेब त्या तारखेवर ठरेल. मुदत कमी असेल तर बंगळूर एकच वर्ष कर.

आणि आजोबांना माझा नमस्कार. यंदा बागेत जाताना पायांना तेल लावा, अंगभर कपडे घाला आणि घरी आल्यावर ते गरम पाण्यात टाका म्हणावं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचं, हे वाड्यावरच्या पोरांनाही सांगून ठेवा.